सिस्टर, हे औषधात येतं का?

रुग्ण वॉर्डमध्ये दाखल झाला की आम्हा परिचारिकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘सध्या कोणती औषधं चालू आहेत?’ उत्तरही बहुधा ठरलेले असते, ‘फक्त बीपीची गोळी.’ या ‘फक्त’ शब्दाबद्दल आज बोलायचे आहे.

चाळिशीच्या एक बाई पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. सोबत सासूबाई आणि पती होते. मी विचारले, त्यांनी बीपीची गोळी सांगितली, मी केस पेपरवर लिहिली. रात्री उपाशी राहण्याची सूचना द्यायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘सकाळपासून नुसतं मळमळतंय.’ सासूबाई पाणी आणायला बाहेर गेल्या होत्या. मी पुन्हा विचारले, ‘औषध नसेल, पण पावडर, काढा, इंजेक्शन असं काही घेता का?’ त्या हळूच म्हणाल्या, ‘सिस्टर, वजनासाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेते. घरी माहीत नाही. पण हे औषधात येतं का?’

येते, नक्कीच येते. सेमाग्लुटाइडसारख्या या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून पोट भरल्यासारखे वाटते आणि भूक कमी लागते. मात्र रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते. भूल दिल्यावर ते उलटून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. वजन झपाट्याने उतरले की पित्ताचे खडे होण्याचा संभवही वाढतो. मी लगेच भूलतज्ज्ञांना कळवले. सकाळी सोनोग्राफीत पोटात अन्न दिसले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. घरच्यांना कारण काय सांगायचे, ते आम्ही त्या बाईंवर सोपवले.

चूक त्यांची होती का? मला वाटते, माझी होती. असा प्रश्न घरच्यांसमोर विचारला तर खरे उत्तर मिळेलच कसे? तेव्हापासून मी हा प्रश्न रुग्णाला एकट्याला विचारते.

इंजेक्शनांचेच कशाला? ‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कुणी रोज घेत राहिले तर रक्तातले कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर गोळी पुरेशी लागू पडत नाही. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या, इतकेच काय, हृदयविकाराच्या रक्ततपासणीचाही निकाल चुकू शकतो. मूत्रपिंड अधू असताना प्रोटीन पावडर स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे.

ऑर्लिस्टॅट ही वजनाची गोळी आहारातली सुमारे तीस टक्के चरबी शोषू देत नाही. त्यामुळे तेलकट जुलाब होतात. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही कमी शोषली जातात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

‘वनौषधी आहे, अपाय नाही’ असेही आम्ही रोज ऐकतो. सिबुट्रामिन हे वजन घटवण्याचे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत मागे घेतले गेले. भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते लपवून मिसळलेले सापडले आहे.

याचा अर्थ पूरक आहार वाईट असा मुळीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची जखम भरून यायला प्रथिने लागतातच. लठ्ठपणा हाही आजार आहे, त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न लपवण्याचा आहे.

म्हणून एवढेच करा. रुग्णालयात येताना घरातल्या सगळ्या बाटल्या, डबे, पुड्या एका पिशवीत घालून आणा. शेवटचा डोस कधी घेतला, ते कागदावर लिहा. मनाने काही बंद करू नका, विशेषतः मधुमेहाचे औषध. आणि सर्वांसमोर सांगणे अवघड वाटले तर म्हणा, ‘सिस्टर, जरा एकटीशी बोलायचंय.’ आम्ही थांबू.