'नॅट'वरची काजळी

जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्यात हवाई दलासाठी बॉम्ब बनतात. अशा शहरात प्रतिकृती बनवायला हवाई दलाचंच 'नॅट' हे लढाऊ विमान निवडावं. 1965च्या भारत-पाक युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना भिडलेलं हे विमान जेमतेम पावणेनऊ मीटर लांब. 1:72 प्रमाणात ते बारा सेंटिमीटर भरतं.

त्या युद्धाच्या वेळी 'नॅट'चा पत्रा बिनरंगाचा, चकचकीत असे. म्हणून प्रतिकृतीवर आधी चकचकीत काळ्या रंगाचा हात, त्यावर चंदेरी रंगाचे पातळ थर. पावसाळ्यात मात्र घाई नको. दमट हवेत लॅकर रंग पांढुरका पडतो.

खरी मजा पुढे आहे! चंदेरी रंगावर वार्निश द्यायचं आणि ते वाळल्यावर पत्र्याच्या सांध्यांत पातळ तेलरंग सोडायचा, वरचा पुसून घ्यायचा. हवा आत घेणाऱ्या तोंडांशी 30 मिलिमीटरच्या दोन तोफा असतात. तिथं कोरड्या ब्रशनं हलकीशी काजळी. जास्त मळवलं, की विमान भंगारातलं वाटतं. हात घालण्याआधी त्या काळातले फोटो जरूर पाहा.