‘सगळं करा’ म्हणण्याआधी

मी आयसीयूमध्ये काम करणारी डॉक्टर. पण आज बोलणार आहे ते मुलगी म्हणून.

बाबांचा फुप्फुसाचा कॅन्सर सगळीकडे पसरला होता. ते बरे होणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. तरी व्हेंटिलेटर लावायचा का असं विचारल्यावर मी म्हणाले, "सगळं करा." इतरांच्या नातेवाइकांना रोज समजावते ते सगळं त्या क्षणी विसरले. नऊ दिवस बाबा नळ्यांमध्ये होते. दादानं विचारलं, "त्यांना हे हवं होतं का गं?" आम्ही कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो, ते बघू. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली, काही अटींवर उपचार थांबवता येतात, हे मान्य केलं. अरुणाताईंसाठी मात्र परवानगी दिली नाही. त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या मंडळींना ते नको होतं. २०१८ मध्ये न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’लाही, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. २०२३ पासून ते सोपं झालंय: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. प्रत्यक्ष वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं खात्री करतात.

एक गैरसमज दूर करते. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. इथे आपण फक्त मरण लांबवणारे उपचार थांबवतो. वेदना, धाप, घाबरणं यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात. ‘व्हेंटिलेटर नको’ म्हणजे ‘काहीच करू नका’ असं नव्हे.

बाबा गेल्यावर वर्षभरानं आईला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "दुखू देऊ नकोस. आणि जमलं तर घरी ने." मग रीतसर कागद केला. तिच्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, तिथे दादाचं आणि माझं नाव आहे.

तुम्हीही विचारा. विषय अभद्र वाटेल, घरचे रागावतील. पण आयसीयूच्या दाराशी उभं राहून अंदाज बांधणं फार जड जातं हो.