ड्रमच्या मागचा उंच सूर

आज मी एका अशा गळ्याबद्दल बोलणार आहे, जो जगभर कोट्यवधी लोकांनी ऐकलाय. पण तो कोणाचा, हे त्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असतं.

१९९१ च्या नोव्हेंबरात फ्रेडी मर्क्युरी गेला, तेव्हा मी बी. ए. करत होतो. फ्रेडी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा. तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. त्या आठवड्यात वसतिगृहातल्या एका मित्रानं त्याच्या ‘क्वीन’ बँडची कॅसेट लावली. गाणं होतं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. त्याच्या मधल्या भागात ऑपेरासारखे आवाज एकमेकांवर चढत जातात आणि सगळ्यांच्या वर एक पातळ, धारदार सूर येतो. मी विचारलं, ‘‘ही बाई कोण रे?’’ मित्र म्हणाला, ‘‘बाई कसली? फ्रेडीच आहे तो!’’ आम्ही दोघंही चुकलो होतो. तो आवाज ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा होता. हे मला कळलं फार उशिरा, आणि थोडी लाजही वाटली.

टेलरचा जन्म १९४९ चा. तो इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावात वाढला. लहानपणी काही काळ तिथल्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात होता. लंडनला आला तो दंतवैद्यकी शिकायला. तिथं ब्रायन मेशी गाठ पडली, पुढे फ्रेडी आला, आणि १९७० मध्ये ‘क्वीन’ उभा राहिला.

या बँडचं वेगळेपण त्याच्या हार्मनीत आहे. आपल्याकडे साथीला बसलेले बहुधा मुख्य गायकाचाच सूर उचलतात. हार्मनीत तसं नसतं. एकानं सा लावला, त्याच क्षणी दुसऱ्यानं ग आणि तिसऱ्यानं प लावला, तर तिघांचं मिळून जे उमटतं ती हार्मनी. तिथं प्रत्येकाला आपली पट्टी सांभाळावी लागते. ‘क्वीन’मध्ये सर्वसाधारणपणे मे खालचे सूर घ्यायचा, फ्रेडी मधले, आणि टेलर सगळ्यात वरचे.

वरचे म्हणजे किती वरचे? त्या ऑपेराच्या भागात टेलर जिथं पोचतो, तो सूर पेटीवर काळी पाचचा. एखादा पुरुष गायक काळी एकमध्ये गातो असं समजा. त्याचा तार षड्ज ओलांडायचा, तार सप्तक संपवायचं, आणि त्याच्याही वरच्या सप्तकातला शुद्ध धैवत लावायचा. पुरुष साधं बोलतो तेव्हा त्याच्या स्वरतंतूंची सेकंदाला साधारण शंभर ते एकशे तीस कंपनं होतात. या सुराला ती नऊशेच्या वर जातात.

हे भरल्या छातीच्या आवाजात होत नाही. त्यासाठी स्वरतंतू ताणून पातळ करावे लागतात. मग ते सबंध न हलता त्यांच्या कडाच थरथरतात. पाश्चात्त्य संगीतात याला फॉल्सेटो म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘खोटा’. आपल्याकडेही असा आवाज लावला की जाणकार नाक मुरडतात. गंमत अशी की, टेलरचा नेहमीचा गाण्याचा आवाज अगदी उलटा आहे: घोगरा, खरखरीत. ‘आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार’ हे त्यानंच लिहिलेलं आणि गायलेलं गाणं ऐका. हाच गळा वर जाऊन इतका पातळ होतो, यावर विश्वास बसत नाही.

१९७५ मध्ये ते गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा ऑपेराच्या भागालाच तीन आठवडे लागले. तिघंजण दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास गात होते. चोवीस ट्रॅकची टेप. ती भरली की अनेक आवाज एकत्र करून थोड्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की झिजून तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. २०१८ मध्ये आलेल्या चित्रपटात टेलर पुन्हा पुन्हा वरचा सूर लावून वैतागतो, असा प्रसंग आहे. प्रेक्षक हसतात. पण वैतागण्याजोगंच होतं ते काम.

मैफिलीत तर आणखी अडचण. दोन्ही हात, दोन्ही पाय वाजवण्यात गुंतलेले. आणि उंच सुराला लागतो तो एकसारखा, न हलणारा श्वास. ड्रम वाजवणाऱ्याचं सगळं अंग तर हलत असतं! शिवाय तोंडापुढच्या माइकमध्ये झांजांचा आवाज शिरतो तो वेगळाच. तरीही फ्रेडीनं एखाद्या जागी गळा जपून खालचा सूर घेतला की वरचा सूर मागून यायचा. टाळ्या पुढच्याला मिळायच्या.

मला याचं अप्रूप का, तेही सांगतो. लहानपणी आमच्या गावच्या उरुसात मी कव्वालीच्या मागच्या रांगेत बसून टाळ्या द्यायचो आणि उंच आवाजात साथ करायचो. जाहिरातीच्या कागदावर मोठ्या अक्षरात कव्वालाचं नाव, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘व हमनवा’. हमनवा म्हणजे ज्यांचा सूर एक आहे ते. चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला आणि उस्तादांनी प्रेमानंच मला उठवलं. तो वरचा सूर दुसऱ्या पोराकडे गेला. ऐकणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र ते कितीतरी दिवस खात होतं.

टेलरच्या वाट्याला निनावीपण आलं असं मी म्हणणार नाही. ‘रेडिओ गा गा’सारखी गाजलेली गाणी त्यानं लिहिली, नाव मिळवलं. पण तो सूर अजूनही लोक दुसऱ्याच्या नावावर टाकतात.

आणखी एक गोष्ट. ऑपेराचा तो थरांवर थर चढवलेला भाग चार माणसांना रंगमंचावर गाणं शक्यच नव्हतं. म्हणून फ्रेडीच्या काळापासून मैफिलीत तो भाग टेपवर लावत आणि चौघं आत जात. फ्रेडी गेल्यानंतर, अलीकडच्या वर्षांतल्या मैफिलींतही तसंच झालं. टेलरनं आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. केस, दाढी पांढरी झाली आहे. मला नेहमी वाटतं, आतल्या अंधारात उभं राहून तो पंचवीस-सव्वीस वर्षांच्या स्वतःला ऐकत असेल, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? शेजारचा फ्रेडी नाही, आणि त्या वयाचा गळाही नाही. सूर मात्र जिथल्या तिथं आहे.

पुढच्या वेळी ते गाणं कानावर पडलं, तर एवढंच करा. पुढच्या आवाजावरून लक्ष जरा काढा आणि वर काय चाललंय ते ऐका.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)