वस्तीची हजेरी
(एका निवृत्त हेडमास्तरांचे भाषण)



शाळेत मास्तर रोज हजेरी घेतात. कशासाठी? कोण आले नाही, ते कळावे म्हणून. तशीच हजेरी आठवड्यातून एकदा आपल्या वस्तीची घ्यावी, हे सांगायला मी आज उभा आहे.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, आणि तोही लहरी. त्यातून शेतातली वस्ती गावापासून लांब. रात्री मीठ संपले, कासरा तुटला, तर दुकान कुठले? म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी घरच्या सगळ्यांनी बसावे. एकाने बघून सांगावे, एकाने लिहावे.

पहिली हजेरी कडब्याची. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चात निघते. गंज रचली की वाटते, आता काय काळजी! पण गंज नजरेने मोजू नये, पेंढ्यांनी मोजावी. समजा, जनावरांना रोज १० पेंढ्या लागतात. आठवड्याला झाल्या ७०. एप्रिलच्या सुरुवातीला १४०० पेंढ्या असल्या, तर त्या २० आठवडे पुरतील. म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत. १००० च असल्या, तर जुलैतच दावण रिकामी! हे एप्रिलात कळले, तर कडबा वेळेवर घेता येतो. जुलैत कळले, तर बैल घेऊन सांगोल्याच्या बाजारात उभे राहावे लागते. पाऊस लांबलेला असला, की तिथे विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. १९७२ च्या दुष्काळात माणसांना खडी फोडायचे काम तरी मिळाले. जनावरांचे मात्र चाऱ्यावाचून फार हाल झाले.

दुसरी हजेरी धान्याची. ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली किंवा दाणा ओलसर लागला, तर समजावे, कीड-बुरशी जवळ आली. लगेच उन्हात वाळवा. पोती भिंतीला टेकवू नका. खाली फळ्या घाला.

तिसरी हजेरी पाण्याची. रांजण, हौद, पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे आणि कोरडे करावे. का बरं? अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपण सातव्या दिवशी भांडे कोरडे केले, तर डास व्हायचाच नाही. डेंग्यूचा ताप तिथेच अडतो. काढलेले पाणी फेकू नका, झाडांना घाला.

चौथी हजेरी रात्रीच्या सामानाची. बॅटरी पेटते का? काडेपेटी कोरडी आहे का? काठी दाराशी आहे का? गंजीत साप असतो, म्हणून अंधारात कडब्यात हात घालू नये. साप चावलाच, तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका. १०८ नंबरला फोन करा आणि दवाखाना गाठा. जनावर आजारी पडले, तर १९६२ नंबर आहे. हे दोन्ही आकडे आजच भिंतीवर मोठे लिहून ठेवा.

मंडळी, या हजेरीला तीनच शब्द लागतात: आहे, नाही, किती. ते तुम्हांला आता लिहिता येतात. 'नाही' पुढे जे असेल, तीच उद्याच्या बाजाराची यादी. ती घरातल्या बाईने वाचावी, म्हणजे काही सुटायचे नाही. कारण घरात काय संपले, ते तिलाच आधी ठाऊक असते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. येत्या बाजारापासून वही घाला.