दोनदा नकार

मागच्या रविवारी आत्याचा फोन आला. "अरे, माझ्या मोबाइलचा कॅमेरा गेला. व्हिडिओ कॉल लावला की समोरच्याला नुसता काळोख दिसतो." मी विचारलं, "आणि नातीचे फोटो?" म्हणाली, "ते छान येतात की!" म्हणजे कॅमेरा धडधाकट होता, त्या एका ॲपला तेवढा तो मिळत नव्हता.

घरातला एकच दिवा लागत नसला तर आपण बल्ब बघतो. सगळेच गेले तर मेन स्विच. मोबाइलचंही तसंच आहे.

फसवणुकीच्या बातम्या ऐकून आत्या सावध झाली होती. ॲपने कॅमेरा मागितला, तिने 'नको' दाबलं. पुन्हा मागितला, पुन्हा 'नको'. 2020 साली आलेल्या अँड्रॉइड 11 पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की फोन तो कायमचा धरतो. पुढे विचारणारी चौकटच येत नाही आणि आपल्याला वाटतं, बिघाड झाला. उपाय सोपा. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा, त्याची माहिती उघडा, परवानग्यांमध्ये जा आणि कॅमेरा 'ॲप वापरताना' एवढ्यापुरता द्या. ॲप काढून पुन्हा टाकायला नको.

सगळ्याच ॲपमध्ये काळोख असेल, तर मेन स्विच बघा. अँड्रॉइड 12 पासून बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं आणि माइकचं एकेक बटण असतं. स्क्रीन वरून खाली ओढली की जी बटणं दिसतात, त्यांत ते शोधा. चुकून बोट लागलेलं असतं.

तिसरी गंमत म्हणजे, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. वर्षातून एकदा, गणपतीला गावी निघताना उघडायचं ॲप ऐनवेळी रस्ता दाखवेनासं होतं, ते बरेचदा यामुळे.

सगळं सुरळीत झाल्यावर आत्याने विचारलं, "मग माझं चुकलंच का रे?" मुळीच नाही. 2015 साली अँड्रॉइड 6 आलं. त्याआधी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत, नाहीतर ॲप मिळत नसे. आता एकेक गोष्ट नाकारता येते. टॉर्चच्या ॲपने फोनमधले सगळे नंबर मागितले, तर 'नको'च म्हणायचं.

काल तिच्याकडे गेलो, तर आत्या चष्मा लावून मोबाइलला दरडावत होती, "तुला रे कशाला हवाय माझा माइक?"