जिंकणारा प्रशिक्षक बदलावा काय?



पुणें-सातारा रस्त्यावरील आमच्या वरवे बुद्रुक गांवीं सायंकाळीं चार माणसें एकत्र बसलीं म्हणजे पाऊस, भाताची लावणी आणि बाजारभाव यांच्या पाठोपाठ क्रिकेटचा विषय निघतोच. अशाच एका बैठकींत एका तरुणानें मला विचारलें, "मास्तर, संघ जिंकत असतांना त्याचा प्रशिक्षक बदलावा काय?" प्रश्न खेळाचा खरा, पण तो शाळेला, संस्थेला आणि घरालाहि लागू पडणारा आहे. म्हणून आज त्याचाच थोडा विचार करूं.

प्रथम परदेशचें उदाहरण घेऊं. इटलीचे फाबिओ कापेल्लो हे फुटबॉलमधील व्यवहारी पंथाचे शिक्षक. आपल्यावर गोल होऊं द्यावयाचा नाहीं, हें त्यांचें पहिलें सूत्र. त्यांच्या हाताखालीं रेआल माद्रिद क्लबनें २००७ सालीं स्पेनची साखळी स्पर्धा जिंकली आणि त्याच जून महिन्यांत क्लबनें त्यांना निरोप दिला. कारण हें कीं, विजय मिळाला तरी खेळ पाहून डोळे निवत नव्हते. त्यांच्या जागीं बेर्न्ट शुस्टर आले, व पुढल्या वर्षींहि तीच स्पर्धा त्याच क्लबनें जिंकली. तेव्हां बदल केला कीं घात झालाच, असा कांहीं नियम नाहीं.

आतां आपल्या घरचें पाहूं. चंद्रकांत पंडित हे मुंबईचे यष्टिरक्षक, भारताकडूनहि खेळलेले. प्रशिक्षक म्हणून त्यांची ख्याति कडक शिस्तीची. फेब्रुवारी २०१६ मध्यें पुण्याजवळ गहुंजे येथें मुंबईनें सौराष्ट्राला एक डाव व २१ धावांनीं हरवून रणजी करंडक एकेचाळिसाव्या वेळीं जिंकला, तेव्हां प्रशिक्षक पंडितच होते. पुढल्या हंगामांत इंदूर येथें अंतिम सामन्यांत गुजरातनें मुंबईला हरविलें. एका वर्षीं विजेतेपद, दुसऱ्या वर्षीं उपविजेतेपद. तरी २०१७ सालीं मुंबईनें त्यांच्या जागीं समीर दिघे यांना नेमलें.

पंडित विदर्भाकडे गेले. सहा दशकें रणजी स्पर्धा खेळूनहि विदर्भाला करंडक मिळालेला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजीं, त्याच इंदूरला, विदर्भानें दिल्लीला नऊ गडी राखून हरविलें, आणि पुढल्या वर्षीं करंडक आपल्याकडेच ठेवला. मुंबई मात्र त्या पहिल्या हंगामांत उपांत्यपूर्व फेरींत कर्नाटकाकडून, तेंहि नागपुरास, डावानें हरली. पुढें २०२२ सालीं बंगळूरला पंडितांच्याच मध्य प्रदेश संघानें अंतिम सामन्यांत मुंबईवर मात केली. मुंबईला पुढला करंडक मिळाला तो मार्च २०२४ मध्यें, ओंकार साळवी यांच्या मार्गदर्शनाखालीं.

एवढ्यावरून "पंडित गेले म्हणून मुंबई हरली" असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मैदानांत प्रशिक्षक उतरत नाहीं. शिवाय मुंबईचे चांगले फलंदाज राष्ट्रीय संघांत ओढले जातात. परंतु एका अंतिम सामन्यांतील पराभव हें माणूस पारखण्याचें माप नव्हे, एवढें यांतून निश्चित दिसतें.

मग निकाल हेंच माप मानावें काय? येथें मला स्वतःविषयीं बोलणें भाग आहे. मी गणित शिकवीत असें. कडक म्हणून माझें नांव होतें, आणि माझ्या वर्गाचा निकाल पाहून पालक संतुष्ट असत. निवृत्तीनंतर एक जुना विद्यार्थी बाजारांत भेटला. पायां पडून म्हणाला, "गुरुजी, तुमच्यामुळें पास झालों. पण शाळा सुटल्यावर गणिताचें पुस्तक पुन्हां उघडावेंसें कधीं वाटलें नाहीं." त्यानें तें आदरानेंच सांगितलें, मला मात्र रात्रीं झोंप आली नाहीं. माझ्या निकालाच्या तक्त्यांत हा रकानाच नव्हता.

म्हणून माझें माप असें: शिक्षक गेल्यावर मागें काय उरतें? पंडितांनीं २०२० सालीं विदर्भ सोडला. त्यानंतर विदर्भ मोडला नाहीं. २०२५ सालीं उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यानें पुन्हां करंडक जिंकला. त्याचें श्रेय अर्थात् गनींचें आणि खेळाडूंचें. पण पूर्वींची शिस्त संघाच्या अंगीं मुरली होती, असें मला वाटतें. कडकपणा तोच, पण एकाचा विद्यार्थ्यांत मुरला आणि माझा परीक्षेबरोबर संपला, हा त्यांतील भेद आहे.

तेव्हां त्या तरुणाला मीं दिलेलें उत्तर तुम्हांलाहि सांगतों. व्यवहारी माणसाचा कंटाळा आला, म्हणून त्याला काढूं नये. त्याच्या हाताखालचीं मुलें वाढेनाशीं झालीं, तर मात्र कपाटांत करंडक असतांनाहि बदल करावा. पण नवा माणूस काय अधिक देणार हें आधीं ठरवावें. तसें न ठरवितां जुन्याला निरोप देणें म्हणजे नवीं कौलें दारांत येण्यापूर्वीं जुनें छप्पर उतरविणें होय. आणि आमच्या मावळांतला पाऊस तेवढी सवड कोणाला देत नाहीं.