भाषण कशासाठी?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणावरून)



मघाशी एका तरुण कार्यकर्त्याने सरळच विचारले, भाषणांनी भाव मिळतो का? प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. भाषणाने भाव मिळत नाही. मात्र भाव का मिळत नाही हे समजल्याशिवाय माणूस घरचे काम टाकून रस्त्यावर येऊन बसत नाही, आणि ते समजावून सांगायला कोणीतरी उभे राहून बोलावेच लागते.

हे आजचे नाही. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यातला मजकूर त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी पुस्तक, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. 'दीनबंधू'त पहिली दोन प्रकरणे छापून आली आणि पुढची थांबली. छापलेले दोन प्रकरणांवर अडले, ऐकवलेले गावोगाव गेले.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून १९७६ साली परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसू लागले. १९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन उभे राहिले. त्यांच्या सभांना गेलेले जुने कार्यकर्ते आम्हाला नेहमी एक गोष्ट सांगतात. ते ओरडत नसत. ते हिशेब मांडत. बियाणे किती, मजुरी किती, घरच्या माणसांच्या श्रमाचे काय, आणि हातात आले किती. शेतकऱ्याला वाटायचे आपण आळशी, आपण अडाणी, म्हणून कर्जबाजारी. त्या हिशेबाने त्याच्या मनातले हे ओझे उतरवले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा हिशेबाच्या नंतर आली, म्हणून ती टिकली. आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे हेक्टरी उत्पादन शिकलो. पीक वाढले की शेतकरी सुखी, हे तिथे गृहीतच धरलेले होते. उलटा प्रश्न आम्हाला सभेच्या मांडवात ऐकायला मिळाला, वर्गात नाही.

पुढे १९८६ साली चांदवडला महिला अधिवेशन झाले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला: घरधन्याने जमिनीचा तुकडा आपणहून कारभारणीच्या नावे करून द्यायचा. ज्या गावांनी हे केले तिथे जोशी स्वतः सत्काराला जात. भाषणाचा शेवट टाळ्यांत नाही, सातबाऱ्यावर झाला. वक्त्याचे मोजमाप करायचे तर असे करावे.

लालबहादूर शास्त्रींचेही तेच. 'जय जवान, जय किसान' ही १९६५ ची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या आयोगाने आणि महामंडळाने पुढे शेतकऱ्याचे भले किती केले आणि शहराला स्वस्त धान्य किती पुरवले, हा वेगळा वाद आहे. आमचे मत तुम्हाला माहीत आहेच. तरी शब्दाच्या पाठीशी काहीतरी उभे होते, एवढे मान्य केले पाहिजे.

आता आपल्या सभांकडे या. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. आकडा फलकावर छान दिसतो आणि भाषणात त्याहून छान वाजतो. पण सरकारी खरेदीला ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. काढणीच्या दिवसांत, वर आभाळ आलेले असताना, १२ टक्क्यांवर दाणा आणणे म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येकाला कळते. माल परत गेला की शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात उभा, हमीभावाच्या खाली द्यायला तयार. नोव्हेंबरात ही मर्यादा १५ टक्के केली. गरजवंताने तोवर विकून टाकले होते. नुसता ४,८९२ सांगून टाळ्या घेणारा वक्ता त्या शेतकऱ्याला भरलेली ट्रॉली घेऊन रांगेत पाठवतो आणि आपण पुढच्या गावाला निघून जातो. ओलाव्याची अट, मोजणीचे यंत्र, नोंदणीची तारीख हे सांगणारे भाषण कदाचित रंगणार नाही. चालेल.

वाफसा नसताना पेरले तर भारी बियाणेही कुजते. म्हणून गावात जाऊन आधी ऐकावे, मग बोलावे. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्यांकडून काढून घेत. तेवढे आपल्याला साधणार नाही, पण दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

बाहेरून मोठा वक्ता आणा, अशी मागणी तीन तालुक्यांतून आली आहे. आम्ही ती मान्य करणार नाही. तुमच्यातल्यांनीच बोलायचे आहे, बायांनीही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एका पिकाचा एकरी खर्च कागदावर लिहून आणावा, घरच्या मजुरीसकट. तो कागद हातात धरून पंधरा मिनिटे बोलायचे. माइक असेल नसेल, त्याची वाट पाहू नका.